तेहतीस नंबरचा लाल

एक काम करा. जवळपास काहीतरी लाल शोधा. पेन्सिल, डबीचं झाकण, काहीही चालेल. आता उजवा डोळा मिटा आणि डाव्यानं बघा. मग डावा मिटून उजव्यानं. दोन्हीकडून सारखंच दिसलं ना? आता अशी कल्पना करा, की एका सकाळी उठून बघता तर डाव्या डोळ्यातला लाल विटलाय. दहा धुण्यांतून निघालेल्या कापडासारखा. बाकी घर जागच्या जागी, खिडकी खिडकीच्या जागी, फक्त लाल तेवढा गेला. तुम्ही काय कराल? धावत जाऊन कुणाला तरी सांगाल.

या गोष्टीतल्या आईनं कुणालाच सांगितलं नाही. आणि त्याचं खापर फुटलं तिच्या अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर.

मुलीला सगळे खारू म्हणत. प्रत्येक वस्तू तिच्या जागी नेऊन ठेवल्याशिवाय तिला चैन पडत नसे, म्हणून खार, आणि लाडानं खारू. खाली रफूचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. वडील जहाजावर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी येत. दुकान मावशीचं, म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीचं. गिऱ्हाइकांशी बोलणं, भाव ठरवणं, गरज पडली तर भांडणं, हे सगळं मावशीकडे. सुई मात्र आईची. फाटक्या जागेवर आई असा काही धागा विणायची, की कपड्याचा मालकसुद्धा भोक कुठं होतं ते शोधत बसायचा.

रफूमध्ये अर्धी करामत सुईची आणि अर्धी दोऱ्याची. दोरा कापडाच्या रंगाला मिळाला नाही, तर विणकाम कितीही सुबक असो, ते ठिगळच दिसतं. दुकानात चौसष्ट खणांचं एक लाकडी कपाट होतं. प्रत्येक खणाला नंबर, खणातल्या रिळाच्या बुडाला तोच नंबर. एकतीसपासून एकोणचाळीसपर्यंत नुसते लाल. एका लालाचं दुसऱ्या लालाशी इतकं थोडं अंतर, की नवखा माणूस चक्रावून जाईल. आई कापड घेऊन दाराशी उजेडात उभी राहायची, उजवा डोळा मिटायची आणि डाव्यानं एकेक रीळ कापडाला लावून बघायची. तिच्या वडिलांनी तिला तसंच शिकवलं होतं. रीळ ठरलं, की त्याच्या बुडाचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी कपड्याच्या आत टाचायची. म्हणजे पुढं कधी तोच कपडा परत आला, तर शोधाशोध नको.

शाळेतून आली की खारूचं काम एकच. दिवसभरात बाहेर पडलेली रिळं आपापल्या खणात ठेवायची. पहिलीत असल्यापासून ती हे करत होती आणि एकदाही चुकली नव्हती. मावशी गिऱ्हाइकांना सांगायची, "आमच्या खारूला डोळे बांधून सोडा, रीळ बरोबर खणात जाईल."

मग बँडमास्तर आला.

त्याच्या बँडचे बारा लाल कोट होते, अगदी एकाच ताग्यातले. त्यातल्या झांजवाल्याच्या कोटाला कोपरावर भोक पडलं होतं, ते आईनं रफू करून दिलं होतं. आता तो कोट त्यानं काउंटरवर आपटला.

"बाई, बारा जण ओळीत उभे राहिले आणि लोक वाजवणं ऐकायचं सोडून याचं कोपर बघायला लागले," तो म्हणाला. "मला वाटलं, झांजवाल्याला टोमॅटो फेकून मारला कुणीतरी."

मावशीनं कोट उजेडात धरला. कोपरावर पैशाएवढा डाग, कोटापेक्षा उजळ, जवळजवळ नारिंगीकडे झुकलेला. आंधळ्यालाही दिसावा असा.

"धाकटे," मावशी म्हणाली. आईला ती धाकटेच म्हणायची. "हे काय गं?"

खारू तेव्हा नुकती शाळेतून येऊन दप्तर खाली ठेवत होती. आईनं कोट हातात घेतला, कोपर बघितलं, आधी एका डोळ्यानं, मग दोन्ही डोळ्यांनी. तिचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली,

"रिळं ठेवायचं काम खारूचं आहे, ताई. या कोटाला पस्तीस लागतो, त्या खणात दुसरंच ठेवलं असेल तिनं."

खारूला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. ती आईकडे बघत राहिली. आई कोपराकडे बघत राहिली.

"मी नाही," खारू म्हणाली. "मावशी, मी बरोबरच ठेवते. आई, सांग ना!"

आईनं सांगितलं नाही.

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि समोर गिऱ्हाईक. "उद्यापासून कपाटाला हात लावायचा नाही. शाळेतून आलीस की सरळ वर. अभ्यास कर. हे काय खेळणं आहे का?"

"जाऊ द्या, लहान आहे," बँडमास्तर म्हणाला. त्याच्या त्या दयेनं खारूला जास्त लागलं.

कोट तिथंच ठेवून तो गेला. मावशी मागच्या खोलीत चहा टाकायला गेली, आई तिच्यामागून गेली. खारू एकटी उरली. तिनं कोट उलटा केला. आत आईच्या अक्षरातली चिठ्ठी अजून टाचलेली होती. चिठ्ठीवर आकडा होता तेहतीस.

तुम्हीही माझ्याबरोबर विचार करा. खारूनं खरंच पस्तीसच्या खणात तेहतीसचं रीळ ठेवलं असतं, तरी आई नंबर कुठून लिहिते? रिळाच्या बुडावरून. म्हणजे बुडावरचा तेहतीस वाचून, तो स्वतःच्या हातानं लिहून, आईनंच ते रीळ पसंत केलं होतं. खण कुठलाही असो. आणि एवढी साधी गोष्ट आईला कळत नव्हती असं होणं शक्य नव्हतं. आई खोटं बोलली होती. तेही खारूच्या तोंडावर, तिच्या डोळ्यांदेखत.

खारूनं चिठ्ठी काढून कंपासपेटीत ठेवली आणि वर जाऊन पालथी पडली. रडून झाल्यावर तिनं ठरवलं, की आता आईवर नजर ठेवायची. जो माणूस एकदा खोटं बोलला, तो आणखी कशाकशात बोलतो ते बघायचं.

रागानं बघणारा माणूस फार बारीक बघतो. आजवर प्रेमापोटी खारूनं जे कधी टिपलं नव्हतं, ते आता तिला दिसू लागलं. जिना चढताना आईच्या डाव्या पायातली सपात मागं राहायची आणि आई तशीच दोन पायऱ्या वर जायची. पाय उघडा पडलाय हे तिला कळतच नसे. सुईत दोरा ओवायला मान खाली घातली, की ती कधीकधी दचकायची, पाठीतून वीज गेल्यासारखी, आणि मग इकडंतिकडं बघायची, कुणी पाहिलं नाही ना. कात्री दोनदा हातातून पडली. गरम पाण्यानं न्हाऊन आली की बराच वेळ डावा डोळा चोळत बसायची आणि म्हणायची, "धुकं आल्यासारखं वाटतंय." अर्ध्या तासानं ते आपोआप निवळायचं. दुपारी तर ती अशी गळून जायची, की टेबलावर डोकं टेकवून गप्प पडायची. काहीही जड उचललेलं नसताना.

मावशीलाही थोडंफार दिसत होतं, पण तिची तऱ्हा वेगळी. "काय गं धाकटे, भिंत धरून चालतेस! घेतेस की काय कपाटामागं लपून?"

"काहीतरीच काय ताई! झोप झाली नाही," आई हसून म्हणायची.

आणखी एक खोटं. आई तर नऊलाच झोपत होती.

रविवारी मावशी कापड बाजारात गेली. आई वरच्या गॅलरीत उन्हाला बसली होती. खारू पाण्याच्या बाटलीचं लाल झाकण घेऊन आली आणि आईच्या समोर उभी राहिली. गेले दहा दिवस ती आईशी हो-नाहीपलीकडे बोलली नव्हती.

"उजवा डोळा मीट. हे कसं दिसतंय?"

"हा काय खेळ?"

"मीट ना."

आईनं मिटला. जरा थांबून म्हणाली, "विटकरी. मळकट."

"आता डावा मीट."

आईनं डावा मिटला. झाकण चांगलं लालभडक होतं. खारूनं ते तसंच धरून ठेवलं होतं.

"तुला माहीत होतं," खारू म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"कोट रफूला यायच्या चारपाच दिवस आधी. डोळा फिरवला की आत दुखायचा. मग रंग गेले. सगळे लाल एकसारखेच दिसायला लागले गं. मला वाटलं, होईल बरं. मागं पण झालंच होतं."

"मागं काय झालं होतं?"

मग आईनं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तिचा डावा पाय बधिर झाला होता, बोटांपासून गुडघ्यापर्यंत. पावसात मोजे ओले व्हावेत तसा सतत ओला वाटायचा, आणि हात लावावा तर कोरडा. छातीभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं व्हायचं. तेव्हा ती डॉक्टरांकडे गेली होती. त्यांनी मोठ्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली. ती नेऊन दाखवायच्या आतच पाय हळूहळू बरा झाला, महिन्याभरात. चिठ्ठी बटणांच्या डब्यात तळाशी गेली.

"आपोआप गेलं म्हणून मी विषय सोडला," आई म्हणाली.

"आणि माझं नाव का घेतलंस?"

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तुला रागावतील आणि दोन दिवसांत विसरतील, असं वाटलं मला. तू लहान आहेस. लहानांच्या चुका लोक पोटात घालतात. माझा डोळा गेला म्हटलं, तर माझ्या हातातली सुईच काढून घेतील. मग मी काय करू? वाटलं, तू घेशील सोसून."

खारूला काय वाटलं ते नीट सांगता येणं अवघड आहे. कुणी परक्यानं ढकललं तर माणूस उठतो, अंग झटकतो. पण जिच्या कडेवर बसून आपण जग बघितलं, तिनंच हात सैल सोडले, तर उठून धावायचं कुणाकडं?

"मी सोसलं नाही," ती म्हणाली. "मी दहा दिवस रोज रडतेय. तुला दिसलंच नाही. ते तर उजव्या डोळ्यानं पण दिसलं असतं."

त्यानंतरच्या पंधरा दिवसांत दोघी तीन दवाखान्यांत गेल्या. दर वेळी आई मावशीला सांगायची, "बटणं आणायला जातेय, खारूला नेते सोबत." दर वेळी खारू मूग गिळून चालायची. मावशीनं तिच्याशी बोलणं तोडलं नव्हतं, पण कपाटाला आता छोटं कुलूप होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही बाहुल्यांवर आळीपाळीनं बॅटरी मारली आणि म्हणाले, "डोळा ठीक आहे. डोळ्यामागची नस सुजलीय." मग दुसऱ्या दवाखान्यात आईला एका मोठ्या नळीसारख्या यंत्रात सरकवून मेंदूचे आणि मणक्याचे फोटो काढले. शेवटी दोघी मज्जातंतूंच्या डॉक्टर बाईंसमोर बसल्या. त्यांनी फोटो उजेडाच्या पाटीवर लावले. करड्या मेंदूत ठिकठिकाणी पांढरे ठिपके होते.

"याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात," त्या म्हणाल्या. मग खारूकडे वळल्या, कारण खारू खुर्चीच्या अगदी कडेला येऊन बसली होती. "तुला काही विचारायचंय का?"

"ते ठिपके काय आहेत?"

डॉक्टर बाईंनी टेबलावरच्या दिव्याची वायर उचलली. "या वायरीत आत तांबं आहे, वर प्लास्टिक. प्लास्टिक खरवडलं गेलं, तर दिवा कधी लागेल, कधी फडफडेल, कधी विझेल. आपल्या नसांवरही असंच वेष्टन असतं. आईचं ते काही जागी खरवडलं गेलंय. डोळ्याच्या वाटेवर खरवडलं, तर रंग विटतात. पायाच्या वाटेवर खरवडलं, तर पाय बधिर. मानेपाशी खरवडलं, तर मान वाकवली की करंट. एकाच माणसाला इतक्या वेगवेगळ्या तक्रारी, म्हणून लोकांना त्या एकाच आजाराच्या वाटत नाहीत. आणि अंग तापलं की खरवडलेल्या जागेतून निरोप आणखी अडखळतो. गरम पाण्यानं धुकं येतं ते त्यामुळं."

"मग मागच्या वेळी पाय बरा कसा झाला?"

"सूज उतरते. शरीर थोडी डागडुजीही करतं. तिथंच माणूस फसतो. कित्येक दिवस राहिलेलं काहीतरी आपोआप गेलं, की त्याला वाटतं, संपलं. आजार आत असतोच. म्हणून असं काही एक दिवसाहून जास्त टिकलं तर दाखवायला यायचं. बऱ्याचदा कारण दुसरंच साधं निघतं, पण ते शोधायचं काम आमचं."

"कोण खरवडतं?"

"आपल्या रक्तात पहारेकरी असतात. जंतू आले की त्यांना मारायचं हे त्यांचं काम. या आजारात त्यांची ओळख चुकते. ते आपल्याच नसांवर तुटून पडतात."

"आपलेच?" खारू म्हणाली.

"आपलेच."

"का पण?"

"पूर्ण उत्तर कुणाकडेच नाही. काही जणांची ठेवण जन्मापासून तशी असते. एक साधा विषाणू आहे, जवळजवळ प्रत्येकाला होऊन जातो, पण काहींच्या पहारेकऱ्यांना तो चुकीचं शिकवून जातो, असं दिसतं. ऊन कमी मिळणं, सिगारेटचा धूर, यांचाही थोडाथोडा हात असतो. पण एकावर बोट ठेवता येत नाही. शिवणकामानं होत नाही. कुणाचं उष्टं खाल्ल्यानं होत नाही."

"कुणी तिच्यावर खूप रागावलं, तर?"

"त्यानंही होत नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या.

खारूनं श्वास सोडला. मग विचारलं, "ते पहारेकरी मुद्दाम करतात का?"

"नाही गं. त्यांना ठाऊकच नसतं."

खारूनं वळून आईकडे बघितलं. आईला ठाऊक होतं.

पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही, असं डॉक्टर बाईंनी सरळ सांगितलं. पण सूज उतरवायला इंजेक्शनं होती, पुढचे झटके कमी व्हावेत म्हणून कायमची औषधं होती, आणि डोळा बहुतेक बराच सुधारेल असं त्या म्हणाल्या. लवकर आलात ते बरं केलंत, असंही म्हणाल्या.

परतताना दुकान दिसू लागलं तशी आई थांबली. "खारू, मावशीला एवढ्यात नको सांगायला. मी बघते नंतर."

"नाही," खारू म्हणाली. "आज सांग. आणि आधी माझं सांग, मग तुझं."

"असं का?"

"तुझं आधी सांगितलंस, तर मावशी रडेल. मग माझं कुणी ऐकणारच नाही."

आईनं मान डोलावली. "बरं. आधी तुझं."

खारू दाराबाहेर पायरीवर बसली. तिला आत जायचं नव्हतं. तिला फक्त ऐकायचं होतं.

आत मावशीचा आवाज आला, "मिळाली का बटणं, की दुकानदाराच्या घरी जेवूनच आलात?"

आणि आई म्हणाली, "ताई, मी डॉक्टरांकडे गेले होते."

खारूनं डोळे घट्ट मिटले. मग तिला भीती होती तसंच सगळं झालं. फोटो, ठिपके, नाव, औषधं. मावशीचं स्टूल सरकल्याचा आवाज. मावशीचं रडणं. "अगं, मला बोलायचंस तरी! मी दारूबिरू काय काय बोलत होते तुला!" मग आईचं रडणं. आणि मग बराच वेळ नाक शिंकरणं. कपाटाचं नाव नाही. रिळांचं नाव नाही.

खारू उठली. आत गेली. जवळच्या जगमधून दोन पेले पाणी ओतलं, एक मावशीसमोर ठेवला, एक आईसमोर. कंपासपेटी उघडली. चिठ्ठी काढली आणि काउंटरवर मधोमध ठेवली.

"मावशी, रीळ बरोबर खणात होतं."

मावशीनं ओल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघितलं. "अगं राणी, आत्ता ते काय घेऊन बसलीस? आईला काय झालंय ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. तुझ्याआधी ऐकलं," खारू म्हणाली. ती जागची हलली नाही. "रीळ बरोबर खणात होतं."

खारू आईकडे बघत उभी राहिली. या वेळी कोट नव्हता, बघायला दुसरं काही नव्हतं. आईला तिच्याकडेच बघावं लागलं.

"बरोबर होतं, ताई," शेवटी आई म्हणाली. "तेहतीस मीच निवडलं. मला तेव्हाही माहीत होतं. मी पोरीवर ढकललं."

मावशीनं चिठ्ठी उचलली, वाचली. मग पदराला अडकवलेली किल्ली सोडली, कुलूप काढलं आणि कपाट उघडं ठेवून दिलं. "खारू," ती म्हणाली. तिनं खारूच्या डोक्यावरून हात फिरवला. खारूनं तो फिरवू दिला.

आई उभी राहिली. दिवसभराच्या चालण्यानं ती पार थकली होती, डावा पाय उचलत नव्हता. "मी जरा पडते वर," ती म्हणाली. जिन्यापाशी जाऊन तिनं खारूकडे हात पुढं केला.

खारूनं त्या हाताकडे बघितलं. तो तिनं धरला नाही. ती आईच्या डाव्या बाजूला गेली, तिचं कोपर घट्ट पकडलं आणि आईच्या पावलाला पाऊल लावत, जिना चढू लागली.